दुसरा कॉर्नेट कुणाचा?

आमच्या बैठकीत एकच नियम कडक आहे. रेकॉर्ड लावणाऱ्याने कव्हर पाठीमागे लपवायचं, काही न बोलता सुई टेकवायची आणि आपल्या जागेवर जाऊन बसायचं. नाव सगळ्यांत शेवटी. तोवर बाकीच्यांनी ऐकायचं आणि सांगायचं: वाजवतंय कोण, साधारण साल कोणतं, मागे पियानोवर कोण असावं. चूक झाली तरी हसायचं नाही, असा दुसराही एक नियम आहे. पण तो कुणी पाळत नाही.

गेली बावीस वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही माहीमला एका मित्राच्या घरी जॅझ ऐकायला जमतो. सुरुवातीला नऊ जण होतो, आता पाच उरलो आहोत. एक रेल्वेतून निवृत्त झालेले, एक शाळेत गणित शिकवणारे, एक हार्मोनियमची साथ करणारे आणि एक यजमान. यजमानांची आवड मुळात ध्वनियंत्रांची. जॅझ त्यांच्याकडे आमच्यामागून आला. मी बँकेत नोकरी केली. संगीत रीतसर शिकलेलो नाही. इंग्रजी पुस्तकं शब्दकोश शेजारी ठेवून वाचली आणि रेकॉर्ड चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर, फोर्टच्या फुटपाथवर आणि परदेशी जाणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांतून गोळा केल्या. माझा जो काही अभ्यास आहे, तो या बैठकीत चुकत चुकत झालेला आहे.

आमचा हा खेळ आमचा नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. लेनर्ड फेदर नावाचे समीक्षक 1946 पासून 'मेट्रोनोम' मासिकात आणि पुढे 'डाउन बीट'मध्ये प्रसिद्ध वादकांना नावं न सांगता रेकॉर्ड ऐकवायचे आणि त्यांचे शेरे छापायचे. रॉय एल्ड्रिज हे मोठे ट्रम्पेटवादक. वादक गोरा आहे की काळा, हे नुसतं ऐकून सांगता येतं, असं त्यांनी छातीठोकपणे म्हटलं होतं. 1951 साली फेदर यांनी त्यांची परीक्षा घेतली आणि एल्ड्रिज अनेकदा चुकले. एवढा माणूस चुकतो म्हटल्यावर आमच्या चुकांना बरीच अब्रू मिळाली.

पण 'कोण वाजवतंय?' हा प्रश्न नुसता खेळातला नाही. जॅझचा जो इतिहास आज पुस्तकांत वाचायला मिळतो, त्याचा मोठा भाग या एका प्रश्नावर भांडणाऱ्या हौशी श्रोत्यांनी उभा केला आहे. विद्यापीठं फार नंतर आली. हे कसं घडलं ते मला सांगायचं आहे, आणि जिथं असं भांडणारे कुणी नव्हते तिथं काय झालं तेही.

आधी थोडं खोलात जायला हवं. पाश्चात्त्य अभिजात संगीतात रचना कागदावर असते. रेकॉर्ड हरवली तरी बेथोव्हन हरवत नाही. जॅझमध्ये कागदावर असते ती केवळ एक चाल आणि तिच्याखालची स्वरसंगती. वादक ती चाल एकदा मांडतो आणि मग तिच्या चौकटीत स्वतःचं काही तरी जागच्या जागी रचत जातो. चार मात्रांचा एक बार आणि बहुधा असे बत्तीस बार मिळून एक फेरा, ज्याला 'कोरस' म्हणतात. लांबलचक तालाचं आवर्तन म्हणा ना. समेवर येण्याची जबाबदारी इथंही असतेच. त्या दिवशी त्या वादकाला जे सुचलं ते तेवढंच. त्याची एकमेव प्रत म्हणजे ती तबकडी, आणि जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. ख्यालगायकी ऐकणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची तीन मिनिटांची प्लेट आपण अजून कानाला लावतो ती काही बंदिश पाठ करण्यासाठी नव्हे.

लुई आर्मस्ट्राँगची 'वेस्ट एंड ब्लूज' ही रेकॉर्ड 28 जून 1928 ची, शिकागोतली. सुरुवातीला साथीशिवाय एकट्या ट्रम्पेटची एक झेप आहे, काही सेकंदांची. तिच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. शेवटच्या फेऱ्यात आर्मस्ट्राँग एकच वरचा सूर चार बार धरून ठेवतो. आमचे हार्मोनियमवाले दरवेळी त्या सुराबरोबर स्वतःचा श्वास रोखतात आणि दरवेळी आधी सोडतात. लेबलवर लिहिलं आहे 'लुई आर्मस्ट्राँग अँड हिज हॉट फाइव्ह'. फाइव्ह म्हणजे पाच. पण कान देऊन मोजलं तर वाजवणारे सहा आहेत! शिवाय 1925 साली 'हॉट फाइव्ह' या नावानं जी मंडळी जमली होती, त्यांतला आर्मस्ट्राँग सोडून एकही जण इथं नाही. पियानोवर अर्ल हाइन्स, ड्रमवर झटी सिंगल्टन. बँजो वाजवणाऱ्या मॅन्सी कारचं आडनाव तर किती तरी याद्यांमध्ये 'कारा' असं चुकीचं छापलं जात राहिलं. कंपनीला विकायचं होतं एक नाव. मागे कोण बसलं होतं हे लेबलवर लिहिण्याची गरज तिला वाटली नाही.

याहून पाच वर्षं मागे जाऊ. एप्रिल 1923 मध्ये किंग ऑलिव्हरचा क्रिओल जॅझ बँड इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीच्या स्टुडिओत वाजवायला गेला. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. सगळ्यांनी एका मोठ्या कर्ण्यासमोर उभं राहून वाजवायचं आणि आवाजाच्या धक्क्यानं सुईने मेणावर खोबण कोरायची. मोठ्या ड्रमचा ठोका पडला तर सुई उडायची, म्हणून बेबी डॉड्स यांना बराचसा वेळ लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं. स्टुडिओला लागून रेल्वेचा रूळ होता. गाडी आली की काम थांबे. बँडमध्ये कॉर्नेट दोन. पहिला खुद्द ऑलिव्हरचा, दुसरा त्याच्या एकवीस वर्षांच्या शिष्याचा. शिष्याचा आवाज इतका मोठा की त्याला कर्ण्यापासून बऱ्याच लांब उभं केलं होतं, असं सांगतात. तो शिष्य म्हणजे आर्मस्ट्राँग.

लेबलवर दोघांचा वेगळा उल्लेख अर्थातच नाही. मग पहिला कुठला आणि दुसरा कुठला? पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो सगळा नुसता गलका वाटतो, आवाजही जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखा. आम्ही एका रविवारी 'चाइम्स ब्लूज' सलग अकरा वेळा लावली होती. गणिताच्या सरांनी कागदावर बार मोजत खुणा केल्या. सातव्या-आठव्या खेपेला दोन आवाज सुटे व्हायला लागले: एक किंचित दबका, काटकसरीनं बोलणारा, दुसरा गोल, भरीव आणि ठोक्याच्या अगदी थोडा मागे रेलून येणारा. शेवटाकडे तो दुसरा एकटा पुढे येतो. आर्मस्ट्राँगचा रेकॉर्डवरचा हा पहिला सोलो मानला जातो. पुस्तकात हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं आणि अकराव्या खेपेला कानांनी पकडलेलं यांतला फरक मला त्या दिवशी समजला. यजमानांच्या सूनबाईंनाही समजला असावा, कारण त्या पुढच्या रविवारी माहेरी गेल्या.

ही अकरा वेळा ऐकण्याची खोड जगात प्रथम लागली ती युरोपात. अमेरिकेत जॅझ हे नाचायचं संगीत होतं. त्या रात्री नाचलं की संपलं. युरोपातल्या तरुणांना ते वादक प्रत्यक्ष क्वचितच दिसत. त्यांच्या हाती येत त्या तबकड्या. त्यामुळे तबकडीभोवती गोल करून बसणं आलं. ब्रिटनमध्ये 1933 पासून 'ऱ्हिदम क्लब' निघाले. एखाद्या सभासदानं आपल्या रेकॉर्ड आणायच्या, लावायच्या, त्यांवर बोलायचं आणि मग इतरांनी त्याला खोडून काढायचं, असा त्यांचा कार्यक्रम असे. पॅरिसमध्ये त्याच सुमारास 'हॉट क्लब द फ्रान्स' स्थापन झाला. त्यातला एक तरुण म्हणजे चार्ल्स दलोने. आईवडील रोबेर आणि सोनिया दलोने, दोघंही नामवंत चित्रकार. या मुलानं 1936 साली एक पुस्तक काढलं, 'हॉट डिस्कोग्राफी'. त्यात होतं काय? नुसत्या याद्या. रेकॉर्डचं नाव, मुद्रणाची तारीख, ठिकाण, क्रमांक आणि प्रत्येक वाद्यासमोर माणसाचं नाव. यादीच्या वहीसारखं दिसणारं हे पुस्तक जॅझच्या इतिहासाचा पाया ठरलं. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात असतानाही, 1943 साली, दलोने यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. बाहेर त्या वेळी काय चाललं होतं हे आठवून ती आवृत्ती डोळ्यांसमोर आणावी.

ही माहिती जमवली कशी, हे मला सर्वांत रंजक वाटतं. तबकडीवर दोन क्रमांक असतात. लेबलवर छापलेला विक्रीचा, आणि लेबलच्या कडेला गुळगुळीत पट्टीवर कोरलेला किंवा उठवलेला मुद्रणाचा. दुसऱ्याला मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात. तो मुद्रणाच्या वेळी पडतो, त्यामुळे दोन रेकॉर्डांचे मॅट्रिक्स लागोपाठचे असले की त्या बहुधा एकाच बैठकीतल्या. म्हणजे एका रेकॉर्डवरचा क्लॅरिनेटवाला ओळखता आला तर शेजारच्या क्रमांकावरचाही बहुतेक तोच. त्यापुढे अनेकदा आणखी एक आकडा असतो: एकच गाणं कितव्यांदा वाजवलं त्याचा. कधी कधी एकाच विक्री क्रमांकाखाली दोन वेगवेगळी वादनं बाजारात गेलेली आहेत. लंडनमधला एक जण म्हणतो, सोलोच्या शेवटी वादक खाली उतरतो. न्यूयॉर्कमधला म्हणतो, छे, वर जातो. पत्रांतून महिनोन्महिने वाद. आणि दोघंही खरे, कारण दोघांच्या तबकड्या वेगळ्या! एकट्या घरात ऐकणाऱ्याला हे कधीच कळलं नसतं. आपली रेकॉर्ड दुसऱ्याच्या रेकॉर्डशेजारी ठेवल्याशिवाय ती वेगळी आहे हे कळण्याची सोयच नाही.

न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावर मिल्ट गॅबलर यांचं 'कमोडोर' नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. जॅझवेड्यांचा अड्डाच तो. कंपन्यांनी बंद केलेल्या जुन्या रेकॉर्ड गॅबलर यांनी 1935 पासून पुन्हा काढायला सुरुवात केली आणि लेबलवर सगळ्या वादकांची नावं छापली. दुकानात रोज चालणारं भांडण लेबलवर आलं, असं म्हणायला हरकत नाही. मोठ्या कंपनीनं हात झटकल्यावर बिली हॉलिडेनं 1939 साली 'स्ट्रेंज फ्रूट' हे झुंडबळींवरचं गाणं मुद्रित केलं, तेही याच दुकानदाराच्या लेबलसाठी. पुढे ब्रायन रस्ट या इंग्रज माणसानं 1942 पर्यंतच्या जॅझ रेकॉर्डांचा प्रचंड कोश रचला. तो माझ्याकडे झेरॉक्समध्ये आहे आणि त्याची शिवण आता तिसऱ्यांदा सुटली आहे.

श्रोत्यांनी केवळ याद्याच केल्या असं नाही. कित्येकदा संगीतच त्यांच्यामुळे वाचलं. 1 ऑगस्ट 1942 पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं रेकॉर्ड कंपन्यांविरुद्ध संप पुकारला. मोठ्या कंपन्यांशी तडजोड व्हायला 1944 चा नोव्हेंबर उजाडला. नेमक्या याच काळात हार्लेममधल्या लहान क्लबांत रात्री उशिरा जॅझचं रूप बदलत होतं. पुढे त्याला 'बीबॉप' म्हणू लागले. त्या घडणीची कंपन्यांची मुद्रणं जवळजवळ नाहीतच. पण संपाच्या आदल्या वर्षी, 1941 मध्ये, जेरी न्यूमन नावाचा कोलंबिया विद्यापीठातला एक विद्यार्थी तबकडी कोरणारं यंत्र घेऊन 'मिंटन्स प्लेहाउस'मध्ये जायचा. त्यानं गिटारवादक चार्ली ख्रिश्चन यांना तिथं मुद्रित केलं. ख्रिश्चन मार्च 1942 मध्ये पंचविसाव्या वर्षी वारले. न्यूमनचा छंद नसता तर त्या रात्रींबद्दल आज केवळ आठवणी सांगितल्या गेल्या असत्या.

डीन बेनेडेट्टी यांची तऱ्हा आणखी वेगळी. स्वतः सॅक्सोफोन वाजवणारा हा माणूस 1947-48 मध्ये चार्ली पार्कर जिथं वाजवतील तिथं यंत्र घेऊन जाई आणि केवळ पार्कर यांचे सोलो मुद्रित करी. दुसरा कुणी वाजवू लागला की यंत्र बंद. पुढे दंतकथा झाली की त्यानं तारेवर आवाज टिपणारं यंत्र वापरलं आणि ते सगळं भांडार हरवलं. 1990 साली ते भांडार प्रकाशित झालं तेव्हा कळलं की तार नव्हतीच. तबकड्या होत्या आणि कागदी टेप. आमच्या गणिताच्या सरांना बेनेडेट्टींचा राग येतो. "अहो, बाकीच्यांनी काय पाप केलं होतं? यंत्र चालू ठेवायला पैसे पडत होते का?" मी म्हणतो, पडत होते, तबकडी महाग होती. पण सरांचं म्हणणं माझ्याही मनात राहिलेलं आहे.

पार्कर यांचीच 'को-को' ही रेकॉर्ड घ्या. 26 नोव्हेंबर 1945, 'सॅव्हॉय' कंपनी. पहिल्या प्रयत्नात सुरुवातीचा तुकडा झाल्यावर वादक 'चेरोकी' या लोकप्रिय गाण्याची चाल वाजवू लागतात आणि कुणी तरी मध्येच थांबवतं. ती चाल वाजवली तर मूळ संगीतकाराला मानधन द्यावं लागलं असतं, असं कारण सहसा दिलं जातं. दुसऱ्या प्रयत्नात चाल गाळली, खालची स्वरसंगती तेवढी ठेवली आणि जॅझमधला एक अजरामर सोलो जन्मला. तो अर्धवट तुकडाही जतन झाला, म्हणून ही गोष्ट आपल्याला कळते. त्या दिवशी ट्रम्पेटला एकोणीस वर्षांचा माइल्स डेव्हिस होता, पण या गतीला त्याचा हात बसेना, म्हणून तिथं डिझी गिलेस्पी यांनी ट्रम्पेट वाजवला. ठरलेला पियानोवादक आला नव्हता, तर पियानोवरही गिलेस्पीच, नाव 'हेन गेट्स' असं खोटं. शिवाय आर्गोन थॉर्नटन नावाचा दुसरा पियानोवादकही तिथं होता. कुठला तुकडा कुणाचा यावर ऐकणाऱ्यांनी अनेक वर्षं वाद घातले. आमच्याकडे यावर दोन तट आहेत आणि मी ज्या तटात आहे तो संख्येनं लहान आहे.

आता माझी फजिती सांगतो. माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू' ही 1959 ची रेकॉर्ड जॅझ न ऐकणाऱ्यांच्याही घरी असते. माझ्याकडे आधी तिची कॅसेट होती, कुणाच्या तरी रेकॉर्डवरून उतरवलेली, बिनकागदाची. तिच्या जोरावर मी एका छोट्या व्याख्यानात बिल एव्हन्स यांच्या पियानोबद्दल पाऊण तास बोललो आणि उदाहरण म्हणून लावलं 'फ्रेडी फ्रीलोडर'. रेल्वेवाले काका पहिल्या रांगेत होते. संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाले, "छान झालं. पण त्या एका गाण्यात एव्हन्स नाहीत हो. विंटन केली आहेत. माझ्या कव्हरवर लिहिलंय." आमची ओळख अशी झाली. आमची बैठक त्याच संध्याकाळी ठरली, त्यामुळे त्या चुकीचा मला फार पस्तावा नाही.

याच रेकॉर्डची दुसरी गोष्ट आमच्या हार्मोनियमवाल्यांची. पहिलं गाणं 'सो व्हॉट'. त्याची मांडणी आपल्या कानाला सोपी पडते: सोळा बार एका स्वरसप्तकात, मग आठ बार तेच अर्ध्या सुरानं वर, मग आठ बार पुन्हा खाली. मूळ सूर पांढरी दोन, वर सरकतो तेव्हा काळी दोन. एकदा ते पेटी घेऊन बसले आणि रेकॉर्डबरोबर नुसता षड्ज धरायला गेले. जमेना. "हे पांढरी दोन नाही. थोडं चढं आहे," ते म्हणाले. यजमानांना वाटलं, त्यांच्या प्लेअरला नावं ठेवली. त्यांनी पट्टा बदलला, वेग मोजण्याची खुणांची चकती लावून पाहिली. वेग बरोबर. मग पेटी बेसूर ठरली. पेटीवाले रागावले. रेकॉर्डची दुसरी बाजू लावली तर पेटीशी अचूक जुळली! एकाच तबकडीची एक बाजू चढी आणि दुसरी सुरात, हे कसं? दोन महिने हा विषय चालला. मग काकांच्या पुतण्यानं अमेरिकेहून आणलेली नवी सीडी आली. ती लावली आणि पहिलं गाणंही पेटीवर बरोबर पांढरी दोनला बसलं.

खुलासा सीडीसोबतच्या कागदात मिळाला. 2 मार्च 1959 च्या बैठकीत मुख्य मुद्रणयंत्र किंचित हळू चाललं होतं. त्यामुळे ती टेप नेहमीच्या वेगानं वाजवली की सूर चढे येत. त्या बैठकीतली तीन गाणी म्हणजेच रेकॉर्डची पहिली बाजू. दुसरी बाजू 22 एप्रिलची, ती ठीक. त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर घेतलेल्या जादा टेपवरून 1992 साली चूक सुधारली गेली. म्हणजे तेहेतीस वर्षं जगभरच्या लोकांनी या रेकॉर्डची पहिली बाजू चढ्या सुरात ऐकली, तिच्याबरोबर वाजवून शिकले, वाद्यं तिच्याशी जुळवून घेतली. माहीममधली एक पेटी तेवढी हट्टाला पेटली. (पहिल्या काही प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन गाण्यांची नावंही अदलाबदल होऊन छापली होती. थोर कलाकृतीचंही बारसं असं गोंधळात होतं.)

मुंबईत हे संगीत परकं होतं, असं कुणी समजू नये. लिऑन ॲबी यांचा बँड 1935 साली ताजमहाल हॉटेलात आला. त्यामागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड हे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक इथं राहिले. वेदरफर्ड यांचं नाव मी प्रथम वाचलं ते शिकागोतल्या 28 मे 1926 च्या एका बैठकीच्या यादीत. अर्स्किन टेट यांचा वाद्यवृंद, ट्रम्पेटवर आर्मस्ट्राँग आणि पियानोवर वेदरफर्ड. गाणं 'स्टॅटिक स्ट्रट'. तोच माणूस पुढे अपोलो बंदरावर वाजवत होता आणि 1945 साली कलकत्त्यात कॉलऱ्यानं वारला, हे कळलं तेव्हा ती रेकॉर्ड मी वेगळ्याच कानांनी ऐकली. क्रिकेट स्मिथ यांनी 1936 मध्ये मुंबईत मुद्रित केलेल्या मेना सायलस यांच्या 'ताजमहाल' या फॉक्सट्रॉटवरून नरेश फर्नांडिस यांनी आपल्या 2012 च्या पुस्तकाला 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' नाव दिलं. मुंबईच्या जॅझचा शोध घ्यायचा तर ते पुस्तक वाचल्यावाचून गत्यंतर नाही.

या परदेशी वादकांच्या शेजारी बसून गोव्याची मुलं शिकली. चर्चच्या शाळांत स्वरलिपी पक्की झालेली, हात तयार. हॉटेलांत जॅझ वाजवायचा आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत. त्यांतले चिक चॉकलेट, म्हणजे आन्तोनियु शावियर वाझ, मुंबईचे आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जात. सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर, यांच्याबरोबर त्यांनी काम केलं. 1951 च्या 'अलबेला'त चिक चॉकलेट बँडसह पडद्यावरही दिसतात. फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांची नावं अलीकडे थोडी तरी घेतली जातात. पण तबकडी हातात घेऊन पाहा. चित्रपट, गायक, संगीतकार, गीतकार. ट्रम्पेटवाला नाही, सॅक्सोफोनवाला नाही, वाद्यमेळ रचणारा नाही. आपल्याकडच्या सुरुवातीच्या प्लेटांवर गौहरजान शेवटी स्वतःचं नाव उच्चारतात, ते आपण कौतुकानं ऐकतो. सारंगीवाल्याला तेवढीही संधी नव्हती.

1923 सालच्या रिचमंडमध्येही असंच होतं. फरक पडला तो पुढे. तिकडे दुसरा कॉर्नेट कुणाचा म्हणून भांडणारी माणसं वादक जिवंत असतानाच जमली; दलोने आणि मंडळींनी वादकांनाच गाठून विचारलं. आपण गाणी पाठ केली, गायकांवर भांडलो, लता की आशा यावर मैत्री तोडली. मागचा ट्रम्पेट कुणाचा, हे विचारायचं राहून गेलं.

दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही ते विचारायचा प्रयत्न केला. वांद्र्याला राहणारे, स्टुडिओत व्हायोलिन वाजवलेले एक वृद्ध गोमंतकीय वादक आमच्याकडे चार रविवार आले. आम्ही त्यांना 'अंकल' म्हणायचो. पन्नासच्या दशकातली चित्रपटगीतं आम्ही लावायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. गायिकेचा आवाज सुरू झाला की त्यांचा चेहरा कोरा व्हायचा, आणि मधल्या संगीताला खुलायचा. "हा माझ्या पुढच्या खुर्चीवरचा," ते म्हणाले. "बघ, सूर धरताना जीभ कशी मारतो." मी नाव लिहून घेतलं. दुसऱ्या रविवारी तीच प्लेट मुद्दाम न सांगता पुन्हा लावली, तर त्यांनी दुसरंच नाव सांगितलं, तेवढ्याच खात्रीनं. मी तेही लिहिलं. तिसऱ्या रविवारी मी दोन्ही नावं त्यांच्यापुढे ठेवली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दोघंही होते बाबा. एक आजारी पडला की दुसरा. पैसे सारखेच मिळायचे."

चौथ्या रविवारनंतर त्यांची तब्येत बिघडली आणि ते गेले. त्यांच्या चार रविवारांतून माझ्या वहीत सदतीस गाण्यांपुढे नावं आहेत. नऊ गाण्यांपुढे दोन-दोन. दुसऱ्या कुणाच्या वहीशी ती ताडून पाहिल्याशिवाय मी ती छापणार नाही. रेकॉर्डच्या बाबतीत लागलेली सवय माणसांच्या बाबतीतही सुटत नाही. अशा वह्या घरोघर असाव्यात असा माझा तर्क आहे: वांद्र्याला, माझगावला, म्हापशाला, कपाटात नोटेशनच्या कागदांखाली. वडील किंवा आजोबा कोणत्या तारखेला कोणत्या स्टुडिओत गेले आणि किती रुपये मिळाले एवढीच नोंद असली, तरी तिच्यावरून मॅट्रिक्स क्रमांकासारखं शेजारचं गाणं काढता येतं.

आता फोनवर सगळं संगीत मिळतं. गणिताच्या सरांच्या नातीनं परवा 'वेस्ट एंड ब्लूज' दोन सेकंदांत काढून दाखवलं. पडद्यावर नाव होतं लुई आर्मस्ट्राँग, खाली गाण्याचं नाव, बस्स. हाइन्स नाही, सिंगल्टन नाही, मॅन्सी कार नाही. तिला बसवून आम्ही ते तीनदा ऐकवलं आणि किती जण वाजवतायत ते मोजायला सांगितलं. तिनं बोटं मोडत मोडत पाच सांगितले, मग थांबून म्हणाली, "नाही. मागे अजून एक जण टकटक करतोय."

काकांनी कव्हर पाठीमागून काढून तिच्या हातात दिलं.